पितळी बिल्ल्याची किंमत

दिवाळी अंक हातात आला की चाणाक्ष वाचक आधी अनुक्रमणिका पाहतो आणि चाणाक्ष संपादक आधी जाहिरातींची पाने मोजतो. यात कुणी कुणाला हसण्याचे कारण नाही. १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाने मराठीत दिवाळी अंकाचा पायंडा पाडला आणि आपला हा सण साहित्याचाही सण झाला. परंतु साहित्याच्या या फराळाला तूप पुरवले ते बरेचसे जाहिरातदारांनीच. आपण अंकासाठी मोजतो ती रक्कम आणि अंकाला लागतो तो खर्च यांत जे अंतर असते, ते दुसरा कुणीतरी भरून काढीत असतो. वर्षातून एकदा येणाऱ्या अंकाच्या बाबतीत हे चालून जाते. करंजीतले सारण कुणाच्या पैशाने आले हे विचारीत बसले तर करंजीची चव जायची. पण रोज सकाळी दाराशी येऊन पडणाऱ्या वर्तमानपत्राचे तसे नाही. तिथे उरलेले पैसे कोण देतो, आणि तो देतो म्हणून आपल्याला काय वाचायला मिळत नाही, हा प्रश्न विचारल्याशिवाय गत्यंतर नाही.

हा प्रश्न एका अमेरिकन लेखकाने १९१९ साली भर चौकात उभे राहून विचारला. अप्टन सिंक्लेअर हे त्याचे नाव आणि 'द ब्रास चेक' हे त्याच्या ग्रंथाचे नाव. सिंक्लेअर आपल्याकडे ठाऊक आहे तो 'द जंगल' या १९०६ सालच्या कादंबरीमुळे. शिकागोच्या कत्तलखान्यांतील कामगारांचे हाल लोकांना कळावेत म्हणून त्याने ती लिहिली. लोक मात्र आपल्या ताटातल्या मांसात काय काय मिसळले जाते ते वाचून हादरले आणि त्याच वर्षी अमेरिकेत अन्नशुद्धीचे कायदे झाले. कामगार होता तिथेच राहिला. पुस्तकाचा नेम एकीकडे आणि बाण लागावा दुसरीकडे, हा अनुभव सिंक्लेअरला असा तरुणपणीच आला. 'द ब्रास चेक' वाचताना तो ध्यानात ठेवावा लागतो, कारण या ग्रंथाचीही गत काहीशी तशीच झाली आहे.

'ब्रास चेक' म्हणजे पितळी बिल्ला. त्या काळच्या अमेरिकन कुंटणखान्यांत गिऱ्हाईक दाराशी पैसे भरी, त्याला असा बिल्ला मिळे आणि तो बिल्ला आत त्या अभागी स्त्रीच्या हाती पडे. सिंक्लेअरचे म्हणणे असे की, पत्रकाराच्या पगाराच्या पाकिटातही दर आठवड्याला हाच बिल्ला असतो. फरक इतकाच की, तो सत्याच्या मोबदल्यात मिळतो. रूपक जळजळीत आहे यात शंका नाही. ते योग्य आहे की नाही, याकडे मी पुढे येईन.

ग्रंथाची जन्मकथाच मोठी बोलकी आहे. सिंक्लेअरने तो कॅलिफोर्नियात स्वतःच प्रसिद्ध केला आणि त्याचे हक्कही राखून ठेवले नाहीत. ज्याला छापायचा असेल त्याने छापावा, अशी मोकळीक दिली. बहुतेक वृत्तपत्रांनी त्याचे परीक्षण छापले नाही. 'न्यूयॉर्क टाइम्स'सारख्या पत्राने तर पैसे भरून दिलेली जाहिरातसुद्धा नाकारली. तरीही पहिल्या दहा वर्षांत त्याच्या सुमारे दीड लाख प्रती खपल्या. म्हणजे ग्रंथाचा जो सिद्धांत, त्याचा एक पुरावा वृत्तपत्रांनी आपण होऊनच लेखकाच्या पदरात टाकला. असे भाग्य फार थोड्या टीकाकारांच्या वाट्याला येते!

ग्रंथाचे भाग तीन: पुरावा, मीमांसा आणि उपाय. वकिलाची ही मांडणी. पण वकील आणि अशील दोन्ही एकच. मी हा ग्रंथ पहिल्यांदा वाचला तो त्याच्याइतक्याच रागाने, आणि दुसऱ्यांदा पेन्सिल हातात घेऊन. दुसऱ्या वाचनात जाणवते की पहिल्या भागातली कितीतरी पाने सिंक्लेअरच्या स्वतःच्या गाऱ्हाण्यांनी भरलेली आहेत. न्यू जर्सीतील 'हेलिकन हॉल' या त्याच्या सहनिवासाची पत्रांनी कशी चेष्टा केली, १९०७ साली ती वास्तू जळाली तेव्हा काय छापून आले, त्याच्या घटस्फोटाचा कसा बाजार मांडला गेला, हे सारे तो अशा तपशिलाने सांगतो की, वाचकाला सहानुभूती वाटता वाटता कंटाळाही येऊ लागतो. अन्याय खरा असला तरी तो सांगणाराच जर प्रत्येक प्रसंगाचा नायक असेल, तर ऐकणारा हळूहळू खटला विसरतो आणि माणसाच्या स्वभावाकडे पाहू लागतो. सिंक्लेअरच्या शत्रूंनी या दुबळेपणाचा लाभ घेतला असल्यास नवल नाही.

परंतु याच भागात अशी काही प्रकरणे आहेत की, ज्यांच्यासाठी हा ग्रंथ आजही उघडावा. सिंक्लेअर जिथे स्वतःची दुःखे सांगतो तिथे तो सामान्य आहे; जिथे तो काहीतरी करतो, माणसे जमवतो, तारा पाठवतो, रस्त्यावर उतरतो, तिथे त्याची लेखणी एकदम सरळ आणि चपळ होते.

कोलोरॅडोतील प्रकरण घ्या. १९१३ च्या सप्टेंबरात तिथल्या कोळसा खाणकामगारांनी संप केला. प्रमुख कंपनी रॉकफेलर घराण्याच्या ताब्यातली. कंपनीच्या घरांतून बाहेर काढलेले कामगार बायकामुलांसह तंबूंत राहत होते. २० एप्रिल १९१४ रोजी लडलो येथील तंबूंच्या वस्तीवर सैनिकांनी गोळीबार केला, तंबू पेटवले, आणि एका तंबूखाली खणलेल्या खड्ड्यात लपलेल्या २ स्त्रिया व ११ मुले गुदमरून मेली. न्यूयॉर्कमध्ये या प्रकाराविषयी सभा झाली, तिथे प्रत्यक्ष हकीकत सांगितली गेली. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत त्या सभेचे जवळजवळ नावनिशाण नव्हते.

इथे सिंक्लेअरने जे केले ते मला फार महत्त्वाचे वाटते. त्याने संपादकांना पत्रे लिहिण्यात वेळ दवडला नाही. दंडाला काळी फीत बांधून तो ब्रॉडवेवरील २६ क्रमांकाच्या इमारतीसमोर, रॉकफेलरच्या कचेरीपुढे, काही सोबत्यांसह मुकाट्याने येरझारा घालू लागला. घोषणा नाही, भाषण नाही. पोलिसांनी पकडले. न्यायाधीशाने दंड केला, तेव्हा दंड भरण्याऐवजी त्याने तुरुंग पत्करला. आणि काय आश्चर्य! ज्या पत्रांना तंबूत मेलेल्या मुलांची सभा बातमी वाटली नव्हती, त्यांना एका प्रसिद्ध कादंबरीकाराची अटक ही मात्र बातमी वाटली. सिंक्लेअरने भिंतीला डोके आपटले नाही. त्या भिंतीला फट कुठे आहे ती शोधली. बातमी दाबणारालाही बातमीचा मोह असतो, ही ती फट.

दुसरा प्रसंग डेन्व्हरचा, त्याच वर्षीच्या मे महिन्यातला. राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी कोलोरॅडोच्या गव्हर्नरकडे विचारणा केली होती की, तुमचे विधिमंडळ संप मिटवण्यासाठी काय करीत आहे. विधिमंडळाने समेट घडवणारी समिती नेमली आहे, अशा अर्थाची तार गव्हर्नर अॅमन्स यांनी केली. सिंक्लेअरने मूळ ठराव पाहिला. त्यात समेटाचा अधिकार कुणालाच दिलेला नव्हता. त्याने विल्सनना उलट तार केली आणि ही हकीकत 'असोसिएटेड प्रेस' या सर्वांत मोठ्या वृत्तसंस्थेला दिली. संस्थेने ती पाठवली नाही, असे तो सांगतो. इथे सिंक्लेअर आपला संताप बाजूला ठेवतो आणि तारांच्या वेळा, ठरावाची भाषा, कोणी काय उत्तर दिले, हे एकामागून एक मांडत जातो. कितीही विशेषणे वापरली असती तरी हा परिणाम साधला नसता. टीकालेखन करणाऱ्या प्रत्येकाने ही पाने एकदा वाचावीत.

'असोसिएटेड प्रेस' ही कुणा एका शेटजींची पेढी नव्हती, ही गोष्ट आपल्या वाचकाला सांगितली पाहिजे. ती वृत्तपत्रांची आपसातली सहकारी संस्था. पण तिचे नियम असे की, गावातले जुने सभासद पत्र नव्या प्रतिस्पर्ध्याच्या प्रवेशाला अडसर घालू शके. 'सहकार' हा शब्द आपल्याला पवित्र वाटतो. परंतु दार आतून लावून घेतलेला सहकार ही मक्तेदारीच असते. १९१३ साली 'द मासेस' या छोट्या मासिकात आर्ट यंग या चित्रकाराने एक व्यंगचित्र काढले. वृत्तसंस्थेचा प्रतिनिधी बातम्यांच्या तलावात असत्याचे विष ओततो आहे, असे ते चित्र. संस्थेच्या तक्रारीवरून यंग आणि संपादक मॅक्स ईस्टमन यांच्यावर बदनामीचा फौजदारी खटला भरला गेला. तेव्हा न्यूयॉर्कच्या कूपर युनियन सभागृहात नागरिकांची निषेधसभा भरली. वकील, लेखिका, मताधिकारासाठी झगडणाऱ्या स्त्रिया, पत्रकार, सगळे तिथे होते. पुढे हा खटला न चालवताच सोडून देण्यात आला. एका चित्राला भिणारी संस्था सभेलाही भिते, हे त्या दिवशी दिसले.

आता रूपकाकडे वळतो. पितळी बिल्ल्याची प्रतिमा वाचकाच्या मनात घट्ट रुतून बसते, हे तिचे सामर्थ्य. पण ती चुकीच्या माणसाला लाजवते, हा तिचा दोष. कुंटणखान्यात मालक असतो, गिऱ्हाईक असते, दलाल असतो. आणि सगळी बदनामी वाट्याला येते ती त्या बाईच्या. सिंक्लेअरच्या प्रतिमेतही नेमके तेच घडते. रात्रपाळी करून घर चालवणारा उपसंपादक अपराधी ठरतो आणि ज्याने त्याची बातमी टोपलीत टाकायला लावली तो मालक पडद्याआड राहतो. गंमत अशी की, ग्रंथाच्या तिसऱ्या भागात सिंक्लेअर याच पत्रकारांनी संघटना करावी, असे कळकळीने सांगतो. ज्याला तुम्ही पाचशे पानांच्या आसपास जाणाऱ्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावरच पतित ठरवले, त्याला शेवटी सोबती म्हणून हाक कशी मारणार? अमेरिकन पत्रकारांची संघटना १९३३ साली स्थापन झाली खरी. पण माणसे एकत्र येतात ती सन्मानाच्या आशेने, शरमेने ती फक्त पांगतात, असे माझे मत आहे.

उपायांचा भाग हा ग्रंथाचा सर्वांत कमी वाचला जाणारा आणि म्हणून सर्वांत अधिक वाचण्याजोगा भाग. खोटी बातमी छापणाऱ्या पत्राने दुरुस्ती त्याच ठळक जागी छापावी. वृत्तसंस्था ही पाणीपुरवठ्यासारखी सार्वजनिक सेवा मानून तिचे दार सर्वांना खुले करावे. आणि जाहिराती न घेणारे, मतप्रचार न करता केवळ घटना नोंदवणारे एक राष्ट्रीय साप्ताहिक वाचकांच्या वर्गणीवर चालवावे, असे त्याचे म्हणणे. यातले साप्ताहिक कधी निघालेच नाही. वृत्तसंस्थेच्या बाबतीत मात्र काळाने त्याला न्याय दिला. शिकागोतील एका नव्या पत्राला प्रवेश नाकारल्यावरून सरकार न्यायालयात गेले आणि १९४५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'असोसिएटेड प्रेस'चे ते प्रवेशाचे नियम मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग करणारे आहेत, असा निकाल दिला. ग्रंथ निघाल्यापासून सव्वीस वर्षे लोटली होती.

साप्ताहिक का निघाले नाही? माझ्या मते, सिंक्लेअरला वाचक हवे होते, पण वाचकांची संघटना कशी बांधावी हे त्याने पुरते मांडले नाही. वर्गणीदार एकेकटा असतो. तो चिडतो, पुस्तक विकत घेतो, मित्राला देतो आणि पुन्हा सकाळी तेच वर्तमानपत्र उघडतो. १९३४ साली सिंक्लेअर स्वतः कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदासाठी उभा राहिला, तेव्हा हे अधिकच स्पष्ट झाले. मोठी पत्रे विरोधात गेली. हॉलीवूडच्या एका बड्या चित्रसंस्थेने तर नट उभे करून बनावट वार्तापट तयार केले आणि ते चित्रगृहांत दाखवले गेले. आठ लाखांहून अधिक मते मिळवूनही तो हरला. वृत्तपत्रे दाखवतात ते खोटे असते, असे पंधरा वर्षे सांगणारा माणूस ज्या खोट्यामुळे हरतो, त्याला ते आधी ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? ठाऊक असणे पुरेसे नसते, एवढाच याचा अर्थ.

पुरेसे काय असते, याचे एक उत्तर त्याच देशात पुढच्या शतकात मिळाले. २००३ साली, म्हणजे हा ग्रंथ एका विद्यापीठाच्या मुद्रणालयाने पुन्हा प्रसिद्ध केला त्याच वर्षी, अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने मालकीचे नियम सैल करण्याचे ठरवले. एका कंपनीने देशातल्या ३५ टक्क्यांऐवजी ४५ टक्के घरांपर्यंत दूरचित्रवाणी केंद्रे पोचवावीत, एकाच शहरात वर्तमानपत्र आणि दूरचित्रवाणी केंद्र एकाच हाती असावे, अशी ती सवलत. हा विषय किती रूक्ष! तरी २० लाखांहून अधिक नागरिकांनी आयोगाला आणि आपल्या प्रतिनिधींना विरोध कळवला. बंदूक बाळगण्याच्या हक्कासाठी भांडणारी संघटना आणि स्त्रियांच्या हक्कांसाठी भांडणारी संघटना, ज्या एरवी एका मांडवात बसल्या नसत्या, त्या या प्रश्नावर एका बाजूला उभ्या राहिल्या. आयोगाने ३ विरुद्ध २ मतांनी नियम बदललेच; पण काँग्रेसने ४५ ची मर्यादा ३९ वर आणली, आणि फिलाडेल्फियातील छोट्या नभोवाणी केंद्रांसाठी झटणाऱ्या एका लहानशा संस्थेच्या दाव्यात न्यायालयाने २००४ साली बाकीचे बदल रोखून धरले. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने आयोगाच्या बाजूने निकाल दिला, हेही सांगितले पाहिजे. विजय कायमचा नव्हता. पण सतरा वर्षे एक दार बंद राहिले, आणि ते बंद ठेवणाऱ्यांत सामान्य माणसेच अधिक होती.

आपल्याकडे या लढ्याचे स्वरूप जरा वेगळे आहे. मराठी वृत्तपत्रांचा अभिमानाचा इतिहास हा सरकारशी झुंजण्याचा इतिहास आहे. १८८२ साली टिळक-आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहिले. १९०८ साली टिळकांना ६ वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा मुंबईच्या गिरणीकामगारांनी ६ दिवस गिरण्या बंद पाडल्या. एका संपादकासाठी कामगारांनी मजुरीवर पाणी सोडावे, याहून मोठा नागरिकांचा निषेध कुठला? पण त्या कथेत वैरी बाहेरचा होता. संपादकाचे तोंड दाबणारा हात जेव्हा त्याच्याच कचेरीतल्या तिजोरीचा असतो, तेव्हा काय करायचे, याची परंपरा आपल्यापाशी तितकी समृद्ध नाही. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत उमेदवारांची स्तुती पैसे घेऊन बातमी म्हणून छापली गेल्याचे प्रकरण बाहेर आले. परस्परांच्या स्पर्धक पत्रांत एकच मजकूर जवळजवळ शब्दशः छापलेला पत्रकार पी. साईनाथ यांनी दाखवून दिला. प्रेस कौन्सिलच्या दोन सदस्यांच्या समितीने २०१० साली सविस्तर अहवाल लिहिला. कौन्सिलने आधी त्याचा आटोपशीर सारांशच पुढे केला, आणि माहितीच्या अधिकाराखाली केलेल्या अर्जावरून आदेश निघाला तेव्हा, २०११ साली, मूळ अहवाल लोकांपुढे आला. सिंक्लेअर असता तर म्हणाला असता की, बिल्ला आता पितळी राहिला नाही, त्याला दरपत्रक छापून मिळते. मला मात्र त्या अर्जाचे मोल अधिक वाटते. साधा कागद, साधी सही. पण त्याने नेमकी फट शोधली.

म्हणून 'द ब्रास चेक' हा ग्रंथ थोर आहे का, असे कुणी विचारले तर मी नाही म्हणेन. तो पसरट आहे, आत्ममग्न आहे, त्याचे मुख्य रूपक अन्यायाचे आहे. पण तो आवश्यक आहे का, असे विचारले तर निःसंशय होय म्हणेन. कारण बातमी ही पिकते कशी आणि विकते कशी, हे त्याने वाचकाला दाखवले, आणि वाचक हा त्या बाजारातला नुसता बघ्या नसून भागीदार आहे हे सुचवले. ते सुचवून तो थांबला, ही त्याची मर्यादा. पुढचे पाऊल त्या काळ्या फितीने, त्या सभेने, त्या २० लाख पत्रांनी टाकले.

आणि हे काम केवळ पुढाऱ्यांचे नव्हे. घरात येणारे वर्तमानपत्र चार जण वाचतात. शंका आलेली बातमी दुसऱ्या पत्राशी ताडून पाहणे, खोटी आढळली तर चौघांच्या सह्यांनी दुरुस्ती मागणे, ती छापली नाही तर वाचनालयाच्या सभेत तो विषय काढणे, आणि जो संपादक मालकाला न जुमानता खरे छापतो त्याचे पत्र दोन रुपये महाग पडले तरी घ्यायचे, एवढे कुठलेही घर, कुठलीही आळी करू शकते. स्वस्त वर्तमानपत्राचे उरलेले पैसे आपण न दिलेलेच बरे, असे समजणाऱ्याला ते दुसऱ्या नाण्यात चुकवावे लागतात. ते नाणे कुठल्या धातूचे, हे सिंक्लेअरने सांगून ठेवले आहे.